लाडू घरी एकटाच आहे

आमचा लाडू लॉकडाउनमधला. २०२० च्या पावसाळ्यात पार्किंगमधल्या एका बंद पडलेल्या मारुतीखाली तो सापडला आणि जगाकडे नीट बघण्याएवढा मोठा झाला, तेव्हा जगातली सगळी माणसं घरी होती. त्यामुळे माणूस नावाच्या प्राण्याबद्दल त्याची काही मतं फार लहानपणीच पक्की झाली. माणूस हा घरात राहणारा प्राणी आहे. तो सकाळी जेवणाच्या टेबलावर एक चकाकणारी पाटी उघडून बसतो आणि 'माझा आवाज येतोय का?' असं दिवसभर ओरडतो. आवाज येत असतो, तरी ओरडतो. मधूनमधून बिस्किटं खातो आणि टेबलाखाली बसणाऱ्याला त्यातलं अर्धं देतो. दाराबाहेर जातो तो फक्त कोथिंबीर आणायला, आणि आल्यावर ती साबणानं धुतो.

पुढे २०२२ साली कंपन्यांना आठवण झाली की आपल्याला कचेऱ्या आहेत आणि त्यांचं भाडं चालू आहे. मला हिंजवडीचं बोलावणं आलं. बायकोचं कॉलेज सुरू झालंच होतं. राहिली लेक. लाडूला ठेवून घ्यायचं ठरलं तेव्हा 'मी फिरवीन, मी आंघोळ घालीन, तुम्हाला काही बघावं लागणार नाही' असा जाहीरनामा तिनंच काढला होता. निवडणूक झाल्यावर जाहीरनाम्याचं जे होतं तेच झालं. तिला बंगळूरला नोकरी लागली.

नाव तिनंच ठेवलं. रंग बेसनाचा म्हणून लाडू. आमच्या इमारतीत सध्या दोन लाडू, एक बर्फी आणि एक मोमो राहतात. मोती आणि टायगर हे जुने लोक आता फक्त गावाकडे उरलेत. नावाचा त्रास घरात होत नाही, घराबाहेर होतो. बसमध्ये फोनवर 'लाडू घरी एकटाच आहे, मला लवकर निघायला हवं' असं म्हटलं की शेजारचा प्रवासी सरकून बसतो. 'लाडूनं उशी खाल्ली' म्हटलं की उठून उभा राहतो.

तर लाडूला दिवसा एकटं ठेवण्याची वेळ आली. आधी वाटलं, त्यात काय? बाहेरून कडी घातली आणि निघालं. पण कुत्र्याला न कळू देता घराबाहेर पडणं हे आयकरवाल्यांना न कळू देता बंगला बांधण्याइतकंच अवघड आहे. त्याला घड्याळ कळत नसेल, मोजे कळतात. मी चप्पल घातली की तो दाराशी नाचत येतो, कारण चप्पल म्हणजे खालची फेरी आणि खालच्या फेरीत त्याचा वाटा असतो. मी मोजा हातात घेतला की तो जागच्या जागी बसतो. दुसरा मोजा चढेपर्यंत कान खाली जातात. मग स्वयंपाकघरातून डब्याच्या कड्या लागल्याचा 'टक, टक' आवाज येतो आणि तो सोफ्याखाली जाऊन फक्त शेपूट बाहेर ठेवतो. रविवारी मी तेच मोजे घालून लग्नाला निघालो तर मात्र त्याचा गोंधळ उडतो, कारण मोजे आहेत आणि डबा नाही.

यावर उपाय म्हणून आम्ही एक प्रशिक्षक बोलावला. तो कुत्र्याला शिकवतो असा आमचा समज होता. तो मला शिकवायला आला होता. त्याचं म्हणणं असं, की किल्ली, बूट, पिशवी या वस्तू आणि तुमचं जाणं यांची त्याच्या डोक्यातली गाठ सोडवायची. कशी? तर सगळी तयारी करायची आणि कुठेच जायचं नाही. पद्धत खरोखरच सगळीकडे मान्य आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिचा परिणाम असा, की एका रविवारी दुपारी मी बूट घालून, खांद्याला पिशवी लावून, हातात गाडीची किल्ली घेऊन सोफ्यावर क्रिकेटचा सामना बघत बसलो होतो. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका सोसायटीची पावती द्यायला आले.

"निघालात वाटतं?"

"नाही, बसलोय."

काकांनी बुटांकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं, मग लाडूकडे पाहिलं. लाडूही माझ्याकडे त्याच नजरेनं पाहत होता.

प्रशिक्षकाचा दुसरा नियम: निघताना निरोप घ्यायचा नाही. कुरवाळणं नाही, बोलणं नाही, सरळ निघून जायचं. हा नियम ज्यानं केला तो मराठी घरात कधी जेवला नसावा. आपल्याकडे दोन तास गप्पा मारून झाल्यावर खरं बोलणं उंबऱ्यावर सुरू होतं, एक पाय चपलेत आणि एक हात चौकटीवर ठेवून. जमिनीचे व्यवहार, मुलींची स्थळं, गुडघ्याच्या शस्त्रक्रिया, सगळं त्या चौकटीत ठरलेलं आहे. माझ्या बायकोला मुकाट्यानं निघणं जमेना. ती दाराशी वाकून म्हणायची, "शहाण्यासारखा बस हं. आई लगेच येते. कुणी आलं तर दार उघडू नकोस." हे शेवटचं वाक्य लेकीच्या लहानपणापासून तिच्या जिभेवर बसलंय. लाडूनं आजवर ते तंतोतंत पाळलं आहे.

कुत्र्याला मागे सोडून जायचं नाही, याचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा दाखला धर्मराजाचा. महाप्रस्थानाच्या वाटेवर सोबत आलेल्या कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात यायला त्यानं नकार दिला, खुद्द इंद्राशी वाद घातला. कथा थोर आहे. फक्त सांगणारे एक गोष्ट पटकन उरकतात, की त्याच वाटेवर आधी द्रौपदी पडली, मग एकेक करून चारही भाऊ पडले, आणि तेव्हा धर्मराज मागे वळूनही न बघता चालत राहिला होता. कुत्रा पाळणाऱ्या कुठल्याही घरात ही कथा सांगून बघा. घरातली बाई म्हणेल, यात नवीन काय?

माझ्या वडिलांना हा सगळा प्रकार साताऱ्याहून फोनवर कळत होता. ते म्हणाले, "कुत्रा एकटा राहतो म्हणजे काय? कुत्रा राहतोच एकटा." त्यांच्या डोळ्यांसमोर आमचा जुना मोत्या. जत्रेला जाताना घराला कुलूप घालायचं, अंगणातल्या मोत्याला 'बघ रे घराकडे' म्हणायचं आणि एस. टी. पकडायची. शेजारची काकू भाकरी टाकायची. मोत्याला काय वाटलं असेल, हा प्रश्न अख्ख्या आळीत कुणाला पडला नव्हता. पण वडिलांचं अर्धंच खरं. मोत्या एकटा कधी नव्हताच. कुलूप घराला होतं, त्याला नव्हतं. सकाळी तो खाटकाच्या दुकानापर्यंत जाऊन यायचा, दुपारी पारावर झोपायचा, दोन गल्ल्यांत त्याची भांडणं होती आणि तिसरीत संसार होता. कुत्रा एकटा पडला तो चौथ्या मजल्यावर जाळीच्या दारामागे आला तेव्हा. पूर्वी घर एकटं राहू नये म्हणून कुत्रा ठेवायचे. आता कुत्रा एकटा राहू नये म्हणून माणसं ठेवतात, आणि माणूस परवडत नसेल तर कॅमेरा ठेवतात.

आम्ही कॅमेरा घेतला. दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवला आणि तिघांच्या फोनवर जोडला. एका झोपलेल्या कुत्र्यावर हिंजवडी, डेक्कन आणि बंगळूर अशा तीन ठिकाणांहून पाळत सुरू झाली.

पाळतीत जे दिसलं ते सांगतो. आम्ही गेल्यावर लाडू दाराशी थोडा वेळ बसतो. दाराखालच्या फटीला नाक लावून खोल श्वास घेतो. मग उठतो, घरातून एक फेरी मारतो आणि ज्या सोफ्यावर चढायला त्याला सक्त मनाई आहे त्यावर चढतो. उशी पायानं सारखी करतो, गोल गोल फिरतो, झोपतो. तास जातो. कूस बदलतो. कावळा ओरडतो, एक कान वर होतो, खाली येतो. पुन्हा तास. मोठं कुत्रं दिवसाचे बारा-चौदा तास सहज झोपून काढतं, हे कुठल्याही पशुवैद्याला विचारा. हे माहीत असूनही लेकीचा फोन येतो, "बाबा, लाडू उदास दिसतोय." आता झोपलेला प्राणी उदास आहे की नुसता झोपलाय हे पाठीवरून कसं ओळखायचं? मी म्हटलं, "अगं, मलाही दुपारी असं कुणी झोपू दिलं तर मीही असाच दिसेन." ती म्हणाली, "तुम्ही आत्ता ऑफिसात ना? मग त्याच्याशी बोला."

कॅमेऱ्यातून बोलताही येतं, हा त्यातला सगळ्यात घातक भाग. एकदा बैठकीत साहेब पडद्यावर पुढच्या तिमाहीचा आलेख दाखवत होते. मी टेबलाखाली फोन धरून हळूच बघितलं तर लाडू सोफ्यावरून चक्क टेबलावर चढला होता. तोंडून निघून गेलं, "ए, उतर खाली!" सगळी खोली गप्प झाली. साहेबांनी आलेखाकडे पाहिलं. तो चढताच होता. त्यांनी घसा साफ करून सांगितलं की आकडे जरा आशावादी आहेत हे त्यांनाही मान्य आहे. तिकडे घरी लाडूनं माझा आवाज ऐकला, टीव्हीमागे जाऊन मला शोधलं, वास आला नाही म्हणून टीव्हीची तार हुंगली आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून बसला. आवाज आहे आणि माणूस नाही, हा प्रकार त्याला पसंत पडलेला नाही.

अकराच्या सुमारास चित्र पालटतं. कामाच्या मावशी येतात. त्यांच्याकडे आमची किल्ली असते आणि लाडूच्या केसांसाठी झाडलोटीचे वेगळे पैसे त्यांनी पहिल्याच महिन्यात ठरवून घेतलेत. लिफ्ट थांबल्याच्या आवाजावरच लाडू सोफ्यावरून उतरतो (म्हणजे मनाई त्याला माहीत आहे). मावशी दार उघडतात, पिशवी ठेवतात, पदर खोचतात. मग स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन जमिनीवर बसतात. पार्लेजी फुटतं. एक चहात बुडतं, एक लाडूच्या तोंडात जातं. डॉक्टरांनी दिलेला आहाराचा तक्ता त्यांच्या डोक्यावर, फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावलेला असतो. त्यात बिस्किटाला काट आहे. हे सगळं मला हिंजवडीत बसून दिसतं. एकदा न राहवून मी कॅमेऱ्यातून म्हटलं, "मावशी, बिस्कीट नको हं त्याला."

मावशींनी कप खाली ठेवला, कॅमेऱ्यापाशी आल्या, पडदाभर त्यांचं कपाळ दिसायला लागलं. "दादा, तुमी त्या डबीतनं बोलत नका जाऊ. घाबरतंय ते." आणि त्यांनी कॅमेरा भिंतीकडे वळवला. त्या दिवशी बंगळूरहून तीनदा फोन आला.

पण कुत्र्याला किती वेळ एकटं ठेवावं, यावर जगात एकमत नाही. ब्रिटनमधल्या प्राणिमित्र संस्था सांगतात, चार तासांवर नको. स्वीडनमध्ये तर पशुकल्याणाच्या नियमावलीतच दिवसा साधारण सहा तासांतून एकदा बाहेर न्यावं असा सल्ला आहे. म्हणून तिथे नोकरदारांच्या कुत्र्यांसाठी पाळणाघरं जागोजाग असतात. आपल्याकडे चार तासांत माणूस हिंजवडीला जाऊन परत आला तरी पुष्कळ झालं. मध्ये तिथे काम करायचं की नाही हा निराळा मुद्दा.

त्याच स्वीडनमधल्या दोन संशोधक बायकांनी २०११ साली बारा कुत्र्यांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्यांना कधी अर्धा तास, कधी दोन तास, कधी चार तास घरी एकटं ठेवलं आणि कॅमेऱ्यानं टिपलं. अर्ध्या तासानंतरच्या स्वागतापेक्षा दोन तासांनंतरचं स्वागत दणक्यात झालं. दोन आणि चार तासांत मात्र फारसा फरक पडला नाही. संशोधकांनी अर्थातच सावधपणे लिहिलं की यावरून कुत्र्याला वेळ कळतो की एकटेपणा आठवतो हे ठरत नाही. मी त्यातून माझ्यापुरता अर्थ काढला: दोन तास उलटून गेलेच असतील तर वाटेत भाजी घ्यायला हरकत नाही.

मधल्या तासांसाठी बाजारात हजार वस्तू आहेत. त्यातली सगळ्यात कामाची म्हणजे काँग नावाचं पोकळ रबरी खेळणं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एका माणसाचा कुत्रा दगड चावायचा. त्याला जुन्या फोक्सवागन गाडीचा एक रबरी भाग सापडला, तो त्याला फार आवडला, आणि त्यावरून हे खेळणं निघालं. त्याच्या पोकळीत खाणं भरायचं, गोठवायचं आणि निघताना द्यायचं. कुत्रा तासभर चाटत बसतो. तिकडे लोक त्यात शेंगदाण्याचं लोणी भरतात. आपल्याकडे दहीभात. रात्री साडेदहाला आमच्या स्वयंपाकघरात बायको लांब चमच्यानं त्या रबरात दहीभात ठासत असते, वरून गाजराचा तुकडा बुचासारखा बसवते आणि फ्रीजरमध्ये ठेवते. सकाळी माझ्या डब्यात कालची भेंडी असते.

संगीताचंही करून पाहिलं. ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटलंडमधल्या एका प्राणिसंस्थेनं २०१७ मध्ये आसऱ्यातल्या कुत्र्यांना निरनिराळं संगीत ऐकवलं होतं. सगळ्यात शांत ती रेगे आणि सौम्य रॉक ऐकताना झाली. आमच्याकडे रेगे कुणाकडे असणार? आकाशवाणी लावून ठेवली. मराठी भावगीतं लाडू झोपेत ऐकतो. शास्त्रीय गायनात आलापीपर्यंत ठीक असतं, द्रुत लयीत ताना सुरू झाल्या की डोकं वर करून साथ देतो. बातम्या लागल्या की उठून आतल्या खोलीत जातो.

आता थोडं नासधुशीबद्दल. एकटा राहिलेला कुत्रा वस्तू का फाडतो, याची कारणं साधी असतात: कंटाळा, दात, आणि कधीकधी खरीच घाबरगुंडी. पण ज्याची वस्तू फाटते त्याला त्यात हेतू दिसतो. अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांच्या टोबी नावाच्या पिल्लानं १९३६ मध्ये एकटं राहिलेल्या एका रात्री 'ऑफ माइस अँड मेन'च्या हस्तलिखिताचा जवळजवळ अर्धा भाग फाडून टाकला. दोन महिन्यांचं काम गेलं, दुसरी प्रत नव्हती. स्टाइनबेक चिडले, पण पिल्लानं ते समीक्षा म्हणून केलं असेल अशीही शंका त्यांनी पत्रात बोलून दाखवली. मोठा माणूस. लाडूनं आमच्याकडे एक दिवाळी अंक फाडला. वार्षिक राशिभविष्य पूर्ण खाल्लं, पाककृती चाटून ठेवल्या, जाहिरातींचे तुकडे तुकडे केले. त्याच अंकात माझा एक लेख होता. त्याला नखही लागलं नव्हतं. स्टाइनबेकना निदान वाचक मिळाला.

संध्याकाळी दार उघडलं, जमिनीवर कागद दिसले आणि कुत्रा कोपऱ्यात कान पाडून, नजर चुकवून बसला असेल, तर पाहणारा ठामपणे म्हणतो, "बघा, त्याला कळलंय त्यानं काय केलंय." न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये हे तपासून पाहिलं. मालकानं कुत्र्याला खाऊला तोंड लावू नको म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. तो नसताना कधी कुत्र्याला खाऊ खाऊ द्यायचा, कधी नाही. परत आल्यावर मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. निष्कर्ष असा निघाला की तो ओशाळा चेहरा गुन्ह्यावर अवलंबून नसतो, ओरडण्यावर असतो. ज्यांनी काही खाल्लं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचे चेहरे तर सगळ्यांत जास्त ओशाळे झाले.

हे मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "यासाठी न्यूयॉर्कला कशाला जायला हवं होतं? तू फ्रिज उघडून उभा असताना मी नुसतं 'अहो' म्हटलं की तुझं तोंड असंच होतं." (एरवी ती मला अरे-तुरे करते. 'अहो' आलं की सावध व्हायचं.)

मघाशी घाबरगुंडी म्हटलं, तेवढं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. काही कुत्री मालक गेल्यावर सतत लाळ गाळतात, दार खरवडून नखं रक्ताळून घेतात, घरातच शी-शू करतात, तासन्‌तास विव्हळतात. ते हट्टी नसतात, शिकवलेलं विसरलेले नसतात. त्यांना खरंच धडकी भरलेली असते. त्यावर मारणं-ओरडणं उलटं पडतं. हळूहळू, आधी मिनिटभर, मग पाच मिनिटं असा सराव करावा लागतो आणि कधी औषधंही लागतात. अमेरिकेत अशा औषधाला १९९८ पासून मान्यता आहे. असल्या कुत्र्याला 'सवय होईल' म्हणून नऊ तास कोंडणारा माणूस मला स्वतःला नऊ तास कोंडण्याच्या लायकीचा वाटतो.

लाडूला तसलं काही नाही. तो फक्त भुंकतो. दिवसातून एकदा, पण मन लावून. गॅसवाला, कुरिअरवाला आणि समोरच्या घरची बेल यांतलं कुणीतरी त्याला कारण पुरवतं.

खालच्या काकांनी याची वही ठेवली. बँकेत चाळीस वर्षं काढलेला माणूस, नोंद केल्याशिवाय राहवत नाही. वार्षिक सभेत त्यांनी ती वाचून दाखवली: "मंगळवार. सकाळी ११.२० ते ११.३४. मध्ये चार मिनिटं विश्रांती. बुधवार. ११.१८. आवाज नेहमीपेक्षा घोगरा." त्यांची मागणी होती की कुत्र्यांवर बंदी घालणारा ठराव करावा. सेक्रेटरींनी चष्मा लावून सांगितलं की भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, बहुमतानंही नाही, आणि भुंकणं हे त्यासाठी कारण धरता येत नाही. काका म्हणाले, "मग माझं ऐकणं हे कारण धरता येतं का?" सूचनांमध्ये काकांबद्दल काही नव्हतं.

पुढच्या सभेला काका अभ्यास करून आले. त्यांच्या हातात १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याची झेरॉक्स होती आणि त्यातल्या अकराव्या कलमाखाली लाल रेघ. कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हा त्या कलमाखाली खरोखर गुन्हा आहे. "आणि दंड?" कुणीतरी विचारलं. काकांचा आवाज जरा उतरला. "पहिल्या गुन्ह्याला दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत." १९६० साली ती रक्कम असेल काही. सभेत कुणीतरी म्हणालं की तेवढ्यात आता पार्किंगही मिळत नाही, आणि विषय पार्किंगकडे गेला तो परत आलाच नाही.

मध्यंतरी आम्हाला चार दिवस बंगळूरला जायचं होतं, तेव्हा आईबाबांना बोलावून घेतलं. पुण्यातल्या निम्म्या घरांत आजी-आजोबा आता याच कामाला येतात. पूर्वी नातवंडं सांभाळायला यायचे. आईनं साताऱ्यात सगळ्यांना सांगितलं, "मुलानं आग्रहानं बोलावलंय." कशासाठी ते सांगितलं नाही. बाबा पहिल्या दिवशी म्हणाले, कुत्र्याची जागा बाहेर. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यात दिसलं की लाडू सोफ्यावर आहे आणि बाबा खाली, हातात वर्तमानपत्र. आई भजनी मंडळासाठी म्हणून ओळखीच्यांकडे निघाली आणि उंबऱ्यावरून परत फिरली, "जाऊ दे, त्याला एकट्याला करमायचं नाही." तूपभात, मेतकूट, पेढ्याचा कण असं चार दिवस चाललं. आम्ही आलो तेव्हा लाडूच्या गळ्यातला पट्टा एक भोक पुढे सरकलेला होता आणि आमच्या येण्याचा त्याला विशेष आनंद झालेला दिसला नाही.

त्यानंतर मात्र त्याला एकटं राहवेना. चार दिवस आजी मिळाल्यावर कुणाला राहवेल? शेवटी बाणेरच्या बाजूला कुत्र्यांचं एक पाळणाघर शोधलं. तिथे प्रवेशाला अर्ज. आवडता खेळ, आवडती व्यक्ती, कशाची भीती वाटते, इतरांशी जुळवून घेतो का. लसीकरणाची वही. मग एक दिवस चाचणी, ज्यात लाडूला तिथल्या जुन्या मुलांमध्ये सोडून त्याचा स्वभाव तपासला गेला. लेकीच्या शाळाप्रवेशाच्या वेळी मी इतका घाबरलो नव्हतो, कारण तिथे निदान डोनेशन देता येत होतं. लाडू पास झाला. आता सकाळी गाडी न्यायला येते, पट्ट्याला नावाची चिठ्ठी असते, आणि संध्याकाळी फोनवर अहवाल येतो: 'आज लाडूने पाण्याच्या टबात खेळ केला. दुपारची झोप चांगली. बर्फीशी मैत्री झाली.' बायको तो अहवाल लेकीला पाठवते. लेक तो तिच्या मैत्रिणींना पाठवते.

पहिल्याच आठवड्यात अकरा चाळीसला काकांचा फोन आला. माझ्या पोटात गोळा.

"काय हो, आज भुंकला नाही तो. काल पण नाही. बरं आहे ना?"

मी सांगितलं की त्याला पाळणाघरात घातलंय, तिथे दिवसभर इतर कुत्री असतात, माणसं असतात, आता तुम्हाला काही त्रास होणार नाही. काका थोडा वेळ गप्प राहिले.

"किती घेतात?"

मी आकडा सांगितला.

"वर्षाचे?"

"महिन्याचे."

"अहो, डोकं फिरलंय का तुमचं?" काका म्हणाले. "त्याच्या निम्मे मला दिले असते तर मी जन्मभर ऐकून घेतलं असतं. वरून साडेअकराला त्याच्या सोबतीला दोन मिनिटं मीही भुंकलो असतो!"